घोड्याचा पाय आणि विजेचा सूक्ष्म प्रवाह



लहानपणी आपणांपैकी बहुतेकांना एक कोडे घातले गेले असेल. भाकरी का करपली, विड्याचे पान का सडले आणि घोडा का अडला, या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर द्यायचे असते : न फिरवल्यामुळे. कोडे जुने आहे, आणि त्यातले घोड्यापुरते शहाणपण अजूनही खरे आहे. आजचा विषय मात्र अडलेल्या घोड्याचा नसून लंगडणाऱ्या घोड्याचा आहे. घोडा लंगडू लागला, की त्याच्या पायाला दोन तारा लावून विजेचा अगदी बारीक, घोड्याला जाणवणारही नाही इतका बारीक प्रवाह सोडायचा, असा एक उपचार युरोप-अमेरिकेत गेली काही दशके केला जातो. त्याला मायक्रोकरंट थेरपी म्हणतात. आपण त्याला सूक्ष्मविद्युत् उपचार म्हणू. तो काय आहे, कशाच्या आधारावर उभा आहे, त्यात पटण्यासारखे किती आणि अजून सिद्ध व्हायचे किती, एवढे आज आपल्याला पाहायचे आहे.

आपल्यापैकी घोडे बाळगणारे फार थोडे असतील, हे मी जाणतो. परंतु घोडा आपल्या प्रांतातून गेलेला नाही. पुण्याचे शर्यतीचे मैदान १८३० सालापासूनचे आणि मुंबईचे महालक्ष्मीचे १८८३ पासूनचे. माथेरानच्या तांबड्या वाटांवर घोड्याच्या पाठीवर कुटुंबेच्या कुटुंबे पोसली गेली आहेत. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा जाणता माणूस आधी जनावराचे तोंड पाहतो आणि मग खाली वाकून त्याचे चारही पाय चाचपतो. घोड्याची सारी किंमत त्याच्या पायात असते. ज्याचा पाय गेला तो घोडा गेला, असे तबेल्यात म्हणतात, आणि पुष्कळदा ते शब्दशः खरे ठरते. म्हणून या पायावरील कोणताही नवा उपचार हा नुसता कुतूहलाचा विषय राहत नाही. त्यात एका मुक्या जनावराचे आयुष्य आणि त्याच्या मालकाची, कधी कधी घरातली शेवटची, पुंजी गुंतलेली असते.

पायाची रचना

प्रथम हा पाय कसा असतो ते पाहू. घोडा चालतो तो एकेका बोटावर. खूर म्हणजे त्या बोटाचे नखच. पुढच्या पायाला मध्यावर जो सांधा दिसतो आणि ज्याला आपण गुडघा म्हणतो, तो वस्तुतः आपल्या मनगटाच्या जागचा सांधा आहे. त्याच्या खाली खुरापर्यंत पायाला मांसल असा स्नायू जवळजवळ नाहीच. तेथे आहेत हाडे, सांधे, कातडी आणि दोरांसारख्या कंडरा. बळ लावणारे स्नायू वर, बाहूत असतात. त्यांची ओढ या कंडरांच्या दोरांतून खाली खुरापर्यंत पोचते.

हा दोर नुसता दोर नसून स्प्रिंगही आहे. घोडा भरधाव धावतो तेव्हा एका क्षणी साऱ्या शरीराचा भार एकाच पायावर येतो, आणि तो भार त्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट असतो. साडेचारशे किलो वजनाचा घोडा घेतला, तर त्या क्षणी एका पायावर अकराशे किलोंहून अधिक भार पडतो. पायाच्या मागील बाजूने जाणारी वरची कंडरा त्या वेळी आपल्या लांबीच्या सुमारे सोळा टक्क्यांपर्यंत ताणली जाते. ती तुटण्याची मर्यादा याहून फार दूर नसते. शिवाय दर टापेला ताणण्या-आखडण्यामुळे तिच्या गाभ्यात उष्णता साठते, आणि धावत्या घोड्यात तेथील तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढल्याचे मोजले गेले आहे. निसर्गाने वेगासाठी हे यंत्र इतके काटेकोर बांधले, की त्यात चुकीला वाव फारसा ठेवला नाही.

अशा कंडरेचे तंतू तुटले म्हणजे काय होते? पायाच्या मागे सूज येते, हात लावला तर ऊन लागते आणि घोडा पाय उचलून धरतो. पुढे जखम भरते, पण ती भरते व्रणाच्या ऊतीने. कंडरा कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या, एका दिशेने नीट बसवलेल्या तंतूंची असते. दुरुस्तीत आलेले तंतू वेगळ्या जातीचे आणि अस्ताव्यस्त असतात. वेणी सुटावी आणि घाईने तिची गाठ मारावी, तसा तो प्रकार होतो. गाठ टिकते, पण वेणीची लवचीकता तिच्यात नसते. कंडरेला रक्तपुरवठाही बेताचाच असल्यामुळे हे काम सावकाश चालते. नऊ महिने ते वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ घोडा कामाबाहेर राहतो, आणि इतके करूनही पुन्हा धावू लागल्यावर तीच कंडरा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण मोठे असते.

वर्षभर खर्च करावयाचा आणि शेवटी भरवसा नाही, अशी ही अवस्था. मालकाचे मन कोणत्या तरी उपायाच्या शोधात असते यात नवल नाही. सूक्ष्मविद्युत् उपचाराने दारात पाऊल टाकले आहे ते अशा वेळी.

शरीरातील वीज

विजेचा आणि वैद्यकाचा संबंध पुष्कळ जुना आहे. रोमन काळातला स्क्रिबोनियस लार्गस हा वैद्य डोकेदुखीवर व संधिवातावर विजेचा धक्का देणारा जिवंत मासा लावण्यास सांगत असे. पण शरीरात मुळात वीज आहे, या विचाराची शास्त्रीय सुरुवात इटलीतील बोलोन्या येथे झाली. लुइजी गॅल्व्हानी याने बेडकाच्या पायांवर केलेले प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले आणि प्राण्यांच्या अंगात स्वतःची वीज असते असा दावा केला. त्याचा देशबंधू व्होल्टा याला तो मान्य नव्हता. वीज बेडकात नाही, ती दोन धातूंच्या संयोगात आहे, असे त्याचे म्हणणे. त्या वादातून १८०० साली व्होल्टाची विद्युत्‌राशी, म्हणजे पहिली बॅटरी, जन्मास आली. वाद मोठा फलदायी ठरला, कारण दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. बॅटरी व्होल्टाची खरी, आणि प्राण्याच्या देहात वीज असते हे गॅल्व्हानीचेही खरे.

पुढे १८४३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमाँ याने स्वतःच्या बोटाला जखम करून त्या जखमेतून वाहणारा विजेचा प्रवाह मोजला. ही वीज येते कोठून? आपली कातडी सोडियमचे विद्युत्‌भारित कण सतत आतल्या बाजूस ओढत असते. त्यामुळे कातडीच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने धन होते आणि दोहोंमध्ये काही शतांश व्होल्टांच्या घरातला दाब राहतो. कातडी ही एक मंद बॅटरीच म्हणा ना. जखम झाली, की या बॅटरीला भोक पडते आणि आजूबाजूच्या जिवंत ऊतीतून जखमेच्या दिशेने प्रवाह वाहू लागतो. कातडी पुन्हा जुळली, की तो थांबतो.

हा प्रवाह नुसती गळती आहे, की त्याचे काही काम आहे? याचे उत्तर अलीकडे मिळाले. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन विद्यापीठातील मिन झाओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले, की जखम भरून काढणाऱ्या पेशी या विद्युत्‌क्षेत्राची दिशा ओळखून सरकतात. दिशा उलटी केली, तर पेशीही उलट सरकतात. इतकेच नव्हे, तर ही दिशा ओळखण्यात पेशीतील कोणते जनुक भाग घेतात तेही त्यांनी दाखवले. हाडांच्या बाबतीत जपानमधील फुकादा आणि यासुदा यांनी १९५७ मध्येच दाखवले होते, की हाडावर दाब दिला तर त्यात वीज निर्माण होते. तेव्हा शरीराच्या दुरुस्तीत विजेला स्थान आहे, हे आता कल्पनेच्या प्रांतातले राहिलेले नाही. ते प्रयोगाने ठरलेले आहे.

उपचाराचे स्वरूप

आता ‘सूक्ष्म’ म्हणजे किती, ते नीट समजून घेतले पाहिजे. विजेचा प्रवाह अँपियरमध्ये मोजतात. अँपियरचा हजारावा भाग मिलिअँपियर आणि दहा लाखावा भाग मायक्रोअँपियर. हातातल्या साध्या बॅटरीचा जुना दिवा सुमारे तीन दशांश अँपियर, म्हणजे तीन लाख मायक्रोअँपियर, प्रवाह घेई. सूक्ष्मविद्युत् उपचारात हजार मायक्रोअँपियरच्या आतला प्रवाह वापरतात. पाचशे मायक्रोअँपियर धरला, तर तो त्या दिव्याच्या प्रवाहाचा सहाशेवा भाग झाला.

दुखणे कमी करण्यासाठी माणसांवर वापरतात ते टेन्स नावाचे यंत्र याहून वेगळे, हे येथे सांगितले पाहिजे. त्याचा प्रवाह मिलिअँपियरमध्ये असतो, कातडीला झिणझिण्या येतात, आणि त्याचा हेतू मज्जातंतूंना गुंतवून दुखण्याची वार्ता मेंदूपर्यंत जाऊ न देणे हा असतो. त्यामागे मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ साली मांडलेला ‘द्वारा’चा सिद्धान्त आहे. सूक्ष्मविद्युत् उपचाराचा दावा निराळा आहे. आम्ही दुखणे दडपत नाही, तर जखमेच्या जागी शरीराचा जो नैसर्गिक प्रवाह असतो त्याच्या जवळपासचा प्रवाह बाहेरून देऊन दुरुस्तीला हातभार लावतो, असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतात.

प्रत्यक्ष कृती साधी आहे. घोड्याला त्याच्या ओळखीच्या जागी उभे करतात. कोरडे केस वीज वाहू देत नाहीत, म्हणून दुखऱ्या जागेवरचे केस कातरतात किंवा पाण्याने चांगले भिजवतात. मग दुखऱ्या भागाच्या दोन्ही बाजूंस ओलसर गाद्या किंवा पट्ट्या बांधतात आणि बॅटरीवर चालणारे लहानसे यंत्र सुरू करतात. वीस मिनिटे ते तासभर हा प्रवाह चालतो, आणि काही दिवस वा आठवडे हा क्रम ठेवतात. घोड्याला झिणझिणी जाणवत नाही. पुष्कळ घोडे मान खाली सोडून, एक मागचा पाय सैल टाकून पेंगू लागतात. ते दृश्य पाहणाऱ्याला वाटते, की उपचार लागू पडला! या पेंगण्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

पुराव्याची पारख

या उपचाराच्या पुस्तिकांत एका प्रयोगाचा उल्लेख हमखास सापडतो. बेल्जियममधील चेंग व सहकाऱ्यांनी १९८२ साली उंदराच्या जातीच्या प्राण्याच्या, घुशीएवढ्या पांढऱ्या रॅटच्या, कातडीचे तुकडे काचपात्रात ठेवून त्यांतून प्रवाह सोडला. पेशींचे इंधन म्हणता येईल असा एटीपी नावाचा पदार्थ सूक्ष्म प्रवाहाने कित्येक पटींनी वाढला, प्रथिनांची निर्मितीही वाढली, आणि प्रवाह हजार मायक्रोअँपियरच्या पुढे नेल्यावर हा लाभ ओसरत गेला. ‘थोडे तेच पुरे, अधिक ते घातक’ या तत्त्वाचा हा मोठा आधार मानला जातो.

प्रयोग महत्त्वाचा आहे यात शंका नाही. परंतु तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे पाहिले पाहिजे. काचपात्रातला कातडीचा तुकडा निराळा आणि साडेचारशे किलोंचा, केसाळ कातडीचा, जिवंत घोडा निराळा. बाहेरून दिलेला प्रवाह वाट मिळेल तसा पसरतो. त्यातला किती भाग कातडीतूनच परतला आणि किती खाली कंडरेपर्यंत पोचला, हे यंत्रावरच्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय इंधन वाढले म्हणजे तंतू नीट, एका दिशेने बसलेच, असेही होत नाही. गवंड्याला पोटभर जेवू घातले म्हणजे भिंत ओळंब्यात येतेच असे नाही.

माणसांच्या वैद्यकात काही ठिकाणी जमीन याहून पक्की आहे. न जुळणाऱ्या हाडांवर विद्युत् उपचार करणाऱ्या साधनांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७९ मध्ये मान्यता दिली. त्यांपैकी एका पद्धतीत हाडात बसवलेल्या तारेतून सुमारे वीस मायक्रोअँपियरचा प्रवाह सोडतात. येथे तार थेट हाडात आहे, कातडीवर नाही, हा फरक ध्यानात ठेवावा. दीर्घकाळ न भरणाऱ्या शय्याव्रणांवरही विजेचा उपयोग होतो असे अनेक चाचण्यांत दिसले आहे, मात्र त्या चाचण्यांतले प्रवाह नाना प्रकारचे होते.

आणि घोड्यांच्या बाबतीत? येथे मात्र हात आखडता घ्यावा लागतो. स्वीडन व फिनलंडमधील पशुवैद्यक संशोधकांनी अलीकडच्या वर्षांत घोडे, कुत्रे व मांजरे यांच्यावरील पूरक उपचारांच्या प्रसिद्ध पुराव्याची शिस्तीने छाननी केली. विद्युत् उपचारांवरील त्यांचा अहवाल २०२३ साली आला. अभ्यास थोडे, त्यांतील जनावरे थोडी आणि पद्धतीत उणिवा बऱ्याच, असा त्याचा सूर आहे. याचा अर्थ उपचार निरुपयोगी ठरला असा नव्हे. याचा अर्थ इतकाच, की तो उपयोगी असल्याचे अद्याप ठरलेले नाही. न्यायालयात ‘निर्दोष’ आणि ‘पुरावा अपुरा’ यांत जे अंतर असते, ते येथेही आहे.

“घोड्याला कसला आला भ्रम?”

येथे एक आक्षेप हटकून निघतो. माणसाचे एक असते, साखरेची गोळी दिली तरी त्याला बरे वाटते. घोडा थोडाच फसणार आहे? त्याला यंत्र कळत नाही, किंमत कळत नाही. तो बरा चालला तर खरोखरच बरा झाला असला पाहिजे.

युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो नवा नाही. अमेरिकेतील एलिशा पर्किन्स या वैद्याने १७९६ मध्ये धातूच्या दोन टोकदार काड्यांचे एकस्व मिळवले. दुखऱ्या जागेवरून त्या ओढल्या, की गॅल्व्हानीच्या विजेसारखी काही शक्ती दुखणे खेचून घेते, असा त्याचा दावा होता. काड्या अमेरिकेत व इंग्लंडात धडाक्याने खपल्या. हा सारा कल्पनेचा खेळ आहे असे कोणी म्हटले, तर पुरस्कर्ते उत्तर देत, की लहान मुले आणि घोडेदेखील यांनी बरे होतात, त्यांना कसली आली कल्पना? शेवटी बाथ येथील जॉन हेगार्थ या डॉक्टराने १७९९ मध्ये धातूसारख्या रंगवलेल्या लाकडी काड्या पाच रोग्यांवर फिरवल्या. पाचांपैकी चौघांना बरे वाटले. लाकडात कसलीही वीज नव्हती. तेथून पुढे त्या काड्यांची पत उतरत गेली.

रोग्यांचे कळले, पण घोड्यांचे काय? त्याचे उत्तर एका घोड्यानेच दिले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाचा हान्स हा घोडा जगप्रसिद्ध झाला होता. गणित घातले, की तो टापा आपटून अचूक उत्तर देई. १९०४ साली जाणत्या मंडळींनी पाहणी केली, पण कोणाला लबाडी सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. १९०७ मध्ये ऑस्कर फुंगस्ट याने कोडे उलगडले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, किंवा तो हान्सला दिसेनासा केला, की हान्सचे गणित चुके. टापांची संख्या बरोबर होताच विचारणाऱ्याचे डोके, त्याच्याही नकळत, यत्किंचित हले, आणि तेवढ्या खुणेवर घोडा थांबे.

हान्सला गणित येत नव्हते, पण माणूस वाचता येत होता. जे जनावर डोक्याची केसभर हालचाल टिपते, ते आपल्या धन्याची चिंता, आशा, लगामावरच्या हाताची ढिलाई टिपणार नाही काय? मालक मनाने निर्धास्त झाला, की घोडाही मोकळा चालतो. पुन्हा, उपचाराच्या निमित्ताने अर्धा तास कोणी शांतपणे त्याच्यापाशी उभे राहते, अंगावरून हात फिरवते. घोड्याच्या मानेच्या बुडाशी, खांद्यावरच्या उंचवट्याजवळ खरारा केल्यासारखे चोळले, तर त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजून दाखवलेले आहे. मघाशी मी ज्या पेंगण्याचा उल्लेख केला, त्याला वीजच कारण आहे, असे म्हणण्याआधी हा हात जमेस धरावा लागतो.

आणि शेवटची गोष्ट अशी, की भ्रम घोड्याला होवो न होवो, ‘आज बरा चालतोय’ हे बोलणारा माणूसच असतो. महिनाभर पैसे मोजलेल्या डोळ्यांना सुधारणा दिसते. शिवाय दुखावलेला पाय वेळ गेल्यावर पुष्कळसा आपोआपही सुधारतो. काळाने केलेल्या कामाचे श्रेय त्या काळात जे यंत्र चालू होते त्याला मिळते.

आश्चर्य असे, की या उपचाराइतकी प्रामाणिक परीक्षा घेण्यास सोपा दुसरा उपचार क्वचितच असेल. प्रवाह घोड्याला जाणवत नाही, माणसाला दिसत नाही. तेव्हा दिवा लागतो पण प्रवाह जात नाही, अशी काही यंत्रे खऱ्या यंत्रांत मिसळावीत. कोणते खरे, हे मोतद्दारालाही माहीत नसावे आणि तपासणाऱ्या पशुवैद्यालाही. कंडरेतील तंतू स्वनातीत ध्वनीच्या चित्राने पाहता येतात. लंगडणे आज डोळ्यांवर सोडावे लागत नाही, अंगावर बसवलेल्या उपकरणांनी ते मोजता येते. इतकी सोय असून अशा मोठ्या परीक्षा झाल्या नाहीत, याचा दोष विजेकडे जात नाही. तो विकणाऱ्यांकडे आणि न विचारता विकत घेणाऱ्यांकडे जातो.

मग करावे काय?

‘पूरक’ हा शब्द मराठीत मोठा प्रामाणिक आहे. पूरक म्हणजे मूळ जेथे आहे तेथे भर घालणारे. मूळच नसेल तर पूरक कशाला? घोडा लंगडतो तेव्हा पहिला प्रश्न ‘कोणता उपचार?’ हा नसून ‘कोठे आणि का?’ हा असतो. लंगडण्याचे मूळ खुरातल्या पुवात असेल, चुकीच्या नालात असेल, हाडाच्या बारीक चिरेत असेल, किंवा कंडरेत असेल. खुरातील पू नालबंद व पशुवैद्य मिळून एका दिवसात मोकळा करू शकतात. त्यावर पंधरा दिवस पट्ट्या बांधून वीज सोडत बसणे म्हणजे त्या जनावराला पंधरा दिवस विनाकारण ठणका सोसायला लावणे होय. हाडाला चीर असेल आणि ‘बरा वाटतोय’ म्हणून त्याला पळवले, तर मैदानावरच हाड मोडते, आणि त्या घोड्याला बहुधा पुन्हा तबेला दिसत नाही. सूक्ष्म प्रवाहाने स्वतः अपाय होण्याची भीती थोडी. पण त्याच्यामुळे जो विलंब होतो आणि जो खोटा भरवसा निर्माण होतो, त्यात जिवाची भीती आहे.

म्हणून हा उपचार घ्यावयाचाच असेल, तर माझ्या मते काही गोष्टी पाळाव्यात. पशुवैद्याकडून निदान झाल्याखेरीज यंत्राला हात लावू नये. गाठ असलेल्या किंवा पू झालेल्या भागावर आणि गाभण घोडीच्या पोटावर ते लावू नये. उपचार सुरू करण्यापूर्वीची पायाची चित्रे व मोजमाप घेऊन ठेवावे, आणि किती दिवसांत काय फरक दिसला तर पुढे जायचे व न दिसल्यास थांबायचे, हे आधीच कागदावर लिहावे. ‘सर्व दुखण्यांवर एकच’ असे जो सांगेल, त्याला चहा पाजून परत पाठवावे. आणि जो खर्च यामुळे नालबंदाच्या, चाऱ्याच्या किंवा विश्रांतीच्या वाट्यातून कापावा लागेल, तो करू नये.

कारण कंडरेच्या दुखापतीत ज्याला आजही मुख्य उपचार म्हणतात, तो दिसायला अगदी साधा आहे. सुरुवातीस थंड पाणी किंवा बर्फ, आधाराची पट्टी आणि विश्रांती. मग पशुवैद्य सांगेल त्या दिवसापासून हातात दोरी धरून रोज मोजकी मिनिटे चालवणे. आठवड्यागणिक थोडी वाढ. मधून मधून आतील तंतूंची चित्रे घेऊन पाहणे. घाई म्हणून कसली करायची नाही. चालण्याचा हलका ताण पडला, की नवे तंतू त्या ताणाच्या दिशेने बसू लागतात. ताण मुळीच नसेल तर ते अस्ताव्यस्त राहतात, आणि अति झाला तर तुटतात. यंत्र विकत मिळते. हा संयम मात्र विकत मिळत नाही, म्हणूनच तो कोणी जाहिरातीत सांगत नाही.

गॅल्व्हानीच्या बेडकापासून निघालेली ही वाट घोड्याच्या पायापर्यंत आली आहे. ती चुकीच्या दिशेला आली आहे असे मी म्हणणार नाही. देहात वीज आहे, जखमेत वीज आहे, पेशींना तिची दिशा कळते. उद्या कोणी चोख परीक्षा घेऊन सूक्ष्म प्रवाहाचे माप, काळ आणि जागा ठरवून दिली, तर आपण सर्वांनी तिचे स्वागत करावे. तोपर्यंत आशेने पाहावे, पण पैसे व घोडा या दोहोंच्या बाबतीत सावधपणे.

आरंभीच्या कोड्याकडे येऊन मी आपली रजा घेतो. घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. दुखावलेल्या घोड्यालाही अखेर हेच उत्तर लागू पडते. त्याला कधी फिरवायचे नाही आणि कधी, किती फिरवायचे, एवढे मात्र त्याच्या वतीने आपल्याला कळले पाहिजे, कारण ते सांगायला त्याला वाचा नाही.